रिकाम्या रस्त्याचे फोटो

मी कॅमेरा बोलतोय. हसू नका. हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात फोन असतो आणि फोनच्या पाठीवर तीन-तीन डोळे असतात, म्हणून जुन्या कॅमेऱ्याने तोंडच उघडू नये असं थोडंच आहे? मी रोल घालायचा, डोळ्याला लावायचा, खटका दाबला की खणखणीत वाजणारा कॅमेरा आहे. लॉस एंजेलिसच्या ब्रॉडवेवर माझ्याइतकी माणसं समोरून चालत येताना कुणी पाहिली असतील तर त्याने पुढे यावं. कुणी येणार नाही, मला ठाऊक आहे.

जन्म माझा थंड मुलखातल्या एका कारखान्यातला. त्यातलं फारसं आठवत नाही. नीट आठवतं ते इथल्या गहाणवटीच्या दुकानाचं कपाट. माझ्या एका अंगाला पोचा पडलेला ट्रम्पेट आणि दुसऱ्या अंगाला कुणाचे तरी सोन्याचे दात. पहिल्या मालकाने मला का गहाण टाकलं आणि परत का नेलं नाही, देव जाणे. त्या कपाटातून मला एवारिस्तो मोंतान्योने उचललं. त्याने मला कानाशी धरलं, खटका दाबला, आवाज ऐकला आणि मान डोलावली. भाजीवाल्याकडे कलिंगड वाजवून बघतात ना, अगदी तसंच.

एवारिस्तोचा धंदा आज कुणाला सांगितला तर खरा वाटत नाही. तो फुटपाथवर उभा राहायचा आणि चालत येणाऱ्यांचे फोटो काढायचा. न विचारता. खटका दाबला की पुढे होऊन हातात नंबराची चिठ्ठी द्यायचा आणि म्हणायचा, "उद्या या, बघा, आवडला तर घ्या. नाही आवडला तर माझं नशीब." लोक दुसऱ्या दिवशी यायचे. चालताना आपण कसे दिसतो हे बघण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

तेव्हा ब्रॉडवेचा थाट काय वर्णावा! चार पावलांवर एक थिएटर, आणि प्रत्येकाच्या कपाळावर दिव्यांनी लिहिलेलं नाव. आमची जागा लुसेरो थिएटरच्या दारात. रविवारी दुपारी मेक्सिकोहून आलेले गायक तिथे रंगमंचावर उभे राहायचे आणि त्यांना ऐकायला अख्खी अख्खी घरं नटूनथटून यायची. बाप्यांच्या टोप्यांना नवी फीत, बायकांच्या टाचांचा टकटकाट, पोरांच्या केसांना पाण्याने चापून बसवलेला भांग. मी सगळ्यांना बघायचो आणि मला कुणीच बघायचं नाही, कारण ती माणसं त्या वेळी चालण्यात गुंग असायची.

एवारिस्तोची एक युक्ती होती. लुसेरोच्या दारात फुटपाथच्या फरशीत पितळेची एक पट्टी बसवलेली होती. तो त्या पट्टीपासून ठरावीक अंतरावर उभा राहायचा, आणि माझ्या भिंगाची नजर जुळवणारी चकती त्याच अंतरावर फिरवून वर औषधी चिकटपट्टी लावून टाकायचा, म्हणजे ती हलायचीच नाही. कुणाचा पाय पट्टीवर पडला रे पडला की खटका. फोटो लख्ख. ना थांबवायचं, ना हसा म्हणायचं.

"पोझ बघायची असेल तर लग्नात जावं," तो म्हणायचा. "थांबवलेला माणूस लगेच पोट आत घेतो."

पुढे घरोघरी कॅमेरे आले आणि आमचा धंदा बसला. मग घरोघरी टीव्ही आले आणि लुसेरोही बसलं. आधी गाणी थांबली, मग सिनेमे थांबले, मग दारावरच्या नावातले दिवे एकेक करून गेले. एवारिस्तोने मला पुसून बुटांच्या खोक्यात ठेवलं. काही वर्षांनी तो स्वतःही गेला. खोक्याचं झाकण उघडून ते मला कुणी सांगितलं नाही, पण त्याच्या खोकल्याचा आवाज बंद झाला तेव्हा मी काय ते समजलो. मी लोखंडा-पितळेचा असलो तरी त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

खोकं उघडलं ते त्याच्या नातीने. इत्झेल तिचं नाव. दिवसभर एका दंतवैद्याकडे फोन घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढायची. पोरगी हुशार, हात स्थिर, नजर चांगली. तिने मला दुरुस्तीवाल्याकडे नेऊन आतून बाहेरून साफ करून आणलं. भिंगावरची ती जुनी काळवंडलेली चिकटपट्टी मात्र तिने पहिल्याच दिवशी नखाने खरवडून काढली. मी मनात म्हटलं, पोरी, ती घाण नाही, ती तुझ्या आजोबांची विद्या आहे. पण माझं बोलणं तिला ऐकू जातं कुठे?

रविवारी भल्या सकाळी ती मला गळ्यात अडकवून ब्रॉडवेवर चालायला निघायची. एवढ्या वर्षांनी माझा रस्ता पाहून माझं काळीज हललं. थिएटरांची तोंडं तीच होती, पण कुठे दाराला फळ्या ठोकलेल्या, कुठे आत दागिन्यांची दुकानं, कुठे कबुतरांचं बिऱ्हाड. इत्झेल मात्र हरखून गेली. पोपडे उडालेला परी-पुतळा दिसला की खटका. फुटका दिवा दिसला की खटका. गंजकी तिकीट-खिडकी दिसली की गुडघ्यावर बसून खटका.

आणि तिची एक खोड होती. चौकटीत माणूस आलेला तिला खपायचा नाही. रस्त्यावर कुणी दिसलं की ती मला छातीशी धरून उभी राहायची, तो माणूस नाहीसा होईपर्यंत. लुसेरोच्या समोर तर कसोटीच, कारण तिथे चेमाकाकांची फळांची गाडी. कलिंगड, आंबा, काकडी कापून वर मिरची-लिंबू भुरभुरून विकणारा हा माणूस रविवारीही सकाळीच येऊन छत्री उघडायचा.

"काका, गाडी जरा सरकवता?"

"सरकवली."

"अजून थोडी."

"अगं पोरी, आता मी थेट सान डिएगोला जाऊ का? माझी छत्री फोटोत आली तर तुझ्या भिंतीला काय विटाळ होतो?"

"तसं नाही हो काका. मला रस्ता कसा एकटा, उदास हवाय."

"एकटा? मग मी कोण, भूत?" असं म्हणत चेमाकाकांनी बिचाऱ्यांनी गाडी तिसऱ्यांदा सरकवली, आणि वर तिला आंब्याची फोड दिली. तिने ती खाल्ली आणि रिकामा फोटो काढला.

फोटो सुंदर होते, हे मी नाकारणार नाही. मीच काढले होते ना. एका गॅलरीत ते लागले. लोक हातात वाइनचे पेले घेऊन त्यांच्यासमोर उभे राहायचे आणि "अरेरे, काय रस्ता होता!" म्हणायचे. एका गोड बोलणाऱ्या बाईने त्यातले तीन विकत घेतले. आपल्या साहेबांनी ब्रॉडवेवर एक इमारत घेतली आहे, तिथे लावू, म्हणाली. इत्झेलने घरी येऊन आईला मिठी मारली. तिच्या हातून विकले गेलेले ते पहिलेच फोटो होते.

काही आठवड्यांनी एका रविवारी आम्ही लुसेरोपाशी पोचलो तर दुकानाच्या दारात ओफेलियाबाई उभ्या. लुसेरोच्याच इमारतीत खाली त्यांचं झग्यांचं दुकान आहे. मुलीला पंधरावं लागलं की आमच्या मेक्सिकन घरांत मोठा सोहळा करतात, आणि त्या दिवशी मुलगी घालते तो घेरदार झगा शिवण्यात ओफेलियाबाईंचा हात धरणारा कुणी नाही. लांब-लांबच्या गावांहून आया आपल्या पोरींना घेऊन येतात. बाईंच्या हातात एक कागद होता.

"हा फोटो तुझा?"

"हो, मावशी!" इत्झेलचा चेहरा खुलला. "तुम्हाला कुठे मिळाला?"

"शहराच्या मंडळापुढे इमारतीची सुनावणी झाली, तिथे मिळाला. त्या नव्या मालकाच्या वकिलाने भिंतीएवढा करून दाखवला." बाईंच्या आवाजात रडू नव्हतं, संताप होता. "त्याला खालची दुकानं पाडायची आहेत. वर हॉटेल करणार, आणि फुटपाथ कापून हॉटेलच्या गाड्यांना रस्ता काढणार. माणसं चालतात तो फुटपाथ कापता येत नाही, असा शहराचा नियम आहे. तर तो वकील म्हणाला, इथे चालतं कोण? बघा, यांच्याच लोकांतल्या एका मुलीने काढलेले फोटो आहेत. चिटपाखरू नाही."

इत्झेलने तो कागद हातात घेतला.

"शनिवारी माझ्या दारात उभं राहायला जागा नसते. मी इथे आहे, चेमा आहे, समोर घड्याळवाला आहे. आम्ही सगळे मेलो होतो का गं तुझ्या फोटोत?"

"मावशी, मला ठाऊक नव्हतं हो, ते याच्यासाठी..."

"पुढच्या महिन्यात निकाल आहे. दुकान गेलं तर या वयात मी दुसरीकडे उभी राहू शकत नाही, हे तुला सांगून ठेवते. तोवर माझ्या दुकानात पाऊल टाकू नकोस."

दार लागलं. चेमाकाकांनीही त्या दिवशी फळ कापून दिलं नाही. उगाच छत्रीची दोरी आवळत बसले. इत्झेल मला पोटाशी धरून बसथांब्यावर जाऊन बसली. तिने मालकाच्या कचेरीत फोन केला, फोटो परत मागितले. विकलेली वस्तू विकलेली, असं गोड शब्दांत उत्तर आलं.

मला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण पोरीचं एक होतं, ती तोंड लपवून बसली नाही. पुढच्या शनिवारी ऐन गर्दीच्या दुपारी ती मला घेऊन लुसेरोपुढे हजर झाली. दुकानात पाऊल टाकायचं नाही ना? फुटपाथ तर कुणाच्या बापाचा नाही.

आणि मग मी ते पाहिलं. ओफेलियाबाईंच्या दुकानाची एक रीत आहे. झगा आरशासमोर कितीही छान बसला तरी त्या शेवटची टीप घालत नाहीत. आधी पोरीला उंच टाचांचे बूट घालून बाहेर काढतात आणि लुसेरोच्या दारापर्यंत चालायला लावतात, मग परत. स्वतः तोंडात टाचण्या धरून दारात उभ्या राहतात आणि घेर कुठे अडतो, कुठे लोळतो ते बघतात. "उभ्या-उभ्या तर पडदासुद्धा छान दिसतो," त्या म्हणतात. सगळ्या रस्त्याला ही रीत माहीत. झगा बाहेर आला की घड्याळवाला शिट्टी घालतो, दागिनेवाल्या बायका दारात येतात, आणि ज्यांचा काडीचा संबंध नाही असे लोक भिंतीला चिकटून वाट करून देतात.

त्या दिवशी पहिला बाहेर आला निळा झगा. आत बेकर्सफील्डहून आलेली यारेत्सी नावाची पोर. मागे तिचा बाप, भाजीचे ट्रक चालवणारा दांडगा माणूस, झग्याचा मागचा घेर दोन्ही हातांनी उचलून असा चालत होता की जणू अंड्यांची टोपली नेतोय.

"महाराणींना वाट द्या रे!" चेमाकाका ओरडले. "आणि मागच्या दासीलाही!"

"दासी नाही, बाप आहे मी तिचा!"

"तेच म्हटलं मी!"

रस्ता हसला. इत्झेल धावत पुढे आली. "एक मिनिट थांबा हं!" पोर थांबली, हसू चिकटवलं, झगा खाली बसला. बापाने पोट आत घेतलं. खटका झाला, पण मला आतूनच कळलं, फोटो मेला. पुढच्या खेपेला तिने थांबवलं नाही, तर चकती फिरवून नजर जुळवेपर्यंत माणसं पुढे निघून गेली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी नुसता चडफडत होतो.

टाचण्या तोंडात ठेवूनच ओफेलियाबाई म्हणाल्या, "चालणारीला थांबवू नकोस, एवढं तरी कर."

इत्झेलने घाम पुसला आणि माझ्याकडे बघितलं. भिंगाच्या चकतीवर, जिथे चिकटपट्टी होती तिथे, डिंकाचा एक चिवट पट्टा उरला होता. तिने त्यावरून बोट फिरवलं. त्या पट्ट्याशी जुळणारा अंतराचा आकडा बघितला. मग खाली फरशीकडे बघितलं, तिथल्या पितळी पट्टीकडे. मग आजोबा जिथे उभे राहत, बरोबर तिथपर्यंत मागे मागे सरकत गेली. चेमाकाकांकडून छत्रीला लावायची चिकटपट्टी मागून घेतली आणि माझी चकती बांधून टाकली. मला काय वाटलं म्हणून सांगू! किती वर्षांनी कुणीतरी मला माझ्या नावाने हाक मारल्यासारखं झालं.

मग आम्ही थांबलो नाही. पाऊल पट्टीवर की खटका, पाऊल पट्टीवर की खटका. पिवळा झगा, लाल झगा. झग्यामागून धावणारी करवली. पिशव्या सांभाळणाऱ्या आज्या. मक्याच्या पानात उकडलेल्या तमालेंचा डबा डोक्यावर घेतलेली बाई. नवं घड्याळ कानाशी धरून चालणारा म्हातारा. कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं, आणि हीच तर माझी मजा. शनिवारमागून शनिवार आम्ही तिथे उभे राहिलो. इत्झेल रात्री न्हाणीघरात फोटो धुवायची आणि पुढच्या खेपेला ज्याचा त्याला वाटायची. यारेत्सीच्या बापाने तर टपालाने आणखी प्रती मागवल्या, आख्ख्या बेकर्सफील्डला वाटणार होता म्हणे.

निकालाच्या सुनावणीला इत्झेलने मला गळ्यात घालूनच नेलं. मंडळाच्या अध्यक्षबाई उंच आसनावर. एका बाजूला वकील, दुसऱ्या बाजूला ओफेलियाबाई, खास दिवसाचा गडद जांभळा पोशाख घालून. त्यांनी इत्झेलकडे बघितलंही नाही. इत्झेलने भिंतीवर आमचे नवे फोटो दाखवले. वकील उठला. माणूस चतुर होता.

"फोटो छान आहेत. पण मांडून काढलेले आहेत. झगे घालून माणसं बोलावली, चालायला लावली, झालं. याच फोटोग्राफरबाईंनी याच जागेचे रिकामे फोटोही काढलेत. मग खरे कोणते मानायचे?"

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "दोन्ही तुमचेच?"

"हो, माझेच." इत्झेल उभी राहिली. "आणि दोन्ही खरे आहेत. फक्त एक सांगायचंय. रिकाम्या फोटोसाठी मला दर वेळी माणसं निघून जाण्याची वाट बघावी लागली. पाय दुखेपर्यंत. तेही रविवारी पहाटेच. हे दुसरे काढताना मला एकदाही वाट बघावी लागली नाही."

"माणसं जायची वाट बघितलीत, म्हणजे तिथे होतं कोण?"

"मी होतो, बाईसाहेब!" मागच्या बाकावरून चेमाकाका ताडकन उठले. "माझी गाडी तिने तीन वेळा सरकवायला लावली! तो मोठा फोटो आहे ना, त्याच्या उजव्या कडेला चार बोटं बाहेर मी उभा आहे, हातात आंबा घेऊन!"

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षबाईंनाही तोंडावर हात धरावा लागला. वकिलाने कागद चाळले आणि फायलीत घातले.

फुटपाथ कापायला मंडळाने नकार दिला. हॉटेल वर खुशाल करा, खालची दुकानं राहतील, असं ठरलं. शेजारच्या इमारतींचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि नवा मालक काही हात जोडून बसणारा नाही. पण ओफेलियाबाईंचं दुकान आहे. आज आहे, एवढं मी छातीठोक सांगतो.

निकाल लागला तशा बाई कुणासाठी न थांबता ब्रॉडवेने तरातरा निघाल्या. दुकान उघडायचं होतं, आतमध्ये तीन झगे खोळंबले होते. चालता चालता मागे न बघता त्यांचं बोलणं चालूच. "आभार मानणार नाही हं मी! आग लावलीस तूच, विझवलीस तूच. आणि शनिवारी लवकर ये, टाचण्या धरायला माणूस नाही माझ्याकडे."

इत्झेल धावत त्यांच्या पुढे गेली, वळली, आणि मला डोळ्याला लावलं. हजारो पोरींना या रस्त्यावर चालवणाऱ्या बाईंचा स्वतःचा असा एकही फोटो नव्हता. एक पाय उचललेला, तोंड उघडं, हात हवेत, जांभळा पोशाख वाऱ्यावर. खटका झाला. आणि तिथेच खटक्यासरशी उघडमीट करणारा माझा आतला पडदा अडकला, तो कायमचाच. दुरुस्तीवाला म्हणाला, याचे भाग आता मिळत नाहीत. शेवटचा फोटो मात्र उतरला, आणि काय उतरला म्हणता! ओफेलियाबाईंनी तो बघून "मी अशी भांडकुदळ दिसते?" असं विचारलं. आणि लगेच स्वतःच तो गल्ल्याच्या वर लावला.

आता मी त्यांच्या दुकानाच्या काचेत आहे. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला पांढरे हातमोजे. इत्झेल शनिवारी येते, दुसरा कॅमेरा आणते; त्याच्या चकतीलाही चिकटपट्टी आहे. येणाऱ्याजाणाऱ्या पोरी माझ्या भिंगात बघून बटा सारख्या करतात. काम तेच, नुसतं माणसांकडे बघण्याचं, आणि त्यात माझा हात आजही कुणी धरू शकत नाही.

तुमच्या गावातही असा एखादा उतरती कळा लागलेला रस्ता असेल, बंद पडलेल्या थिएटरांचा. फोटो काढायला जरूर जा. पण चौकटीत कुणी आलं तर तो जायची वाट बघू नका. तो एक दिवस खरोखरच जातो.